मुंगीनं अंडं उचलेपर्यंत

१

पाला जाळायची मनाई आहे हे मले कोणी शिकवू नये. कचऱ्याच्या गाडीवरचा भोंगा रोज सकाळी तेच गाऊन जातो, अन् नागपूरहून आमची पोट्टी ज्ञानदा फोनवर तेच ऐकवते. आई, खड्डा कर, पाला त्यात टाक, खत होते. अवं, पण खड्डा खणायचा कोणी? तुझा बाप पलंगावर, माझी कंबर ही अशी. आमच्या चौबे कॉलोनीतल्या घरामागं बाडी आहे, म्हणजे परसच, इकडच्या हिंदी मुलखात त्याले बाडी म्हणतात. तिच्यात एक आंबा, एक कडुनिंब अन् एक बदाम. फाल्गुन लागला का बदाम पोळीएवढी लाल पानं टाकत बसतो, दिवस पाहत नाही का रात्र पाहत नाही. तो पाला पोत्यात भरून फाटकापर्यंत ओढायचा म्हटलं तं आधी माझाच पाला होईल. म्हणून आम्ही जाळतो. चूक तं चूक.

पण जाळायची एक रीत असते, अन् ती आमच्या घरी जेवढी पाळली तेवढी कोणी पाळली नसेल. हे, नाव घ्यायचं तं रामकृष्ण, उभा जन्म रेल्वेच्या सिग्नल खात्यात काढलेला माणूस. यांच्या घरात दूधसुद्धा नियमानं उतू जायचं. पाणी आधी, काडी शेवटी, हा पहिला हुकूम. भरलेली बादली जवळ नसली तं माचिस खिशातून निघायचीच नाही. ढीग गुडघ्याच्या वर नको, झाडाखाली नको, भिंतीले टेकून नको. ओला पाला नको, तो जळत नाही, नुसता दुसऱ्याच्या घरात धूर पाठवतो. कण्हेरीची फांदी नको, तिचा धूर छातीत बसतो. प्लास्टिक तं बिलकूल नको. दुधाची पिशवी, गोळ्यांची पन्नी, तुटकी चप्पल, सगळं वेचून बाजूले ओळीनं मांडायचं. वारा घराकडून कुंपणाकडे वाहत असला तरच जाळायचं, नाही तं उद्या. अन् विझल्यावर राख ओली करायची, उलथायची, पुन्हा ओली करायची, हात उलटा करून वरून फिरवायचा. थंड लागली तरच घरात पाऊल.

या सगळ्यावर एक नियम होता तो यांच्या आईचा. काडी लावायच्या आधी घराच्या बाजूनं उभं राहायचं, काठीनं ढिगाले ठोकायचं अन् मोठ्यानं म्हणायचं, निघा बाप्पा, आग लावून राहिलो. समोरची बाजू मोकळी ठेवायची. मग थांबायचं. किती थांबायचं? तं मुंगीनं आपलं अंडं उचलून निघून जाईपर्यंत. मी हसायची. पण खरंच बेडूक निघायचे, सापसुरळ्या निघायच्या, एकदा तं धामणीचं पिल्लू निघालं, अन् सगळे समोरून कुंपणाच्या मोरीतून बाहेर. घराकडे कधी कोणी आलं नाही. ठोकणारा घराच्या बाजूले उभा असायचा ना.

२

ढीग बसू देऊ नये, असंही हे म्हणायचे. केला तं जाळा, नाही तं पसरून टाका. बसलेल्या ढिगात कोणी ना कोणी घर करतो.

मागच्या फाल्गुनात यांनी ढीग केला, काठी घ्यायले वाकले, अन् तिथंच कोसळले. उजवी बाजू गेली, बोलणं गेलं. एखादा शब्द यायचा तोही भलताच, चहा पाहिजे असला तं कुलूप म्हणायचे. त्या ढिगाकडे कोणाचं लक्ष असणार? पावसाळा त्याच्यावरून गेला, हिवाळा गेला. ढीग खचला, खालून काळा पडला, वरून नवा पाला पडत गेला. धुणं वाळत घालायले बाडीत गेली का मी तिकडे पाठ करायची. माझ्या सुखी घराचा शेवटचा दिवस तिथं ढीग होऊन बसला होता, कोण पाहणार त्याच्याकडे.

शेवटी शेजारची दीपमाला म्हणाली का दीदी, उसमें साँप बैठ जाएगा. ती इथल्याच पुरानी बस्तीत वाढलेली, एकटी राहते, बोलायले गोड पण बोलली का खरं बोलते. मी ठरवलं, आज याचा निकालच लावायचा. दोन बादल्या भरल्या, कंबर धरून. दीपमालाले तिचे कपडे दोरीवरून काढायले लावले. प्लास्टिक वेचलं. अन् माचिस हातात घेतली तं वारा फिरला. कुंपणाकडून थेट घराकडे.

उद्या करायचं होतं. मले माहीत होतं. पण वर्षभर मीच सगळ्यांचं ऐकून राहिली होती, डॉक्टरचं, पोट्टीचं, माझ्या कमरेचं. एक दिवस वाऱ्यानं माझं ऐकावं, असा माझा राग. मी यांच्या खोलीची खिडकी लावली. स्वयंपाकघराचं दार उघडंच ठेवलं, यांनी आवाज दिला तं ऐकू यावा म्हणून. धूर तोंडावर नको म्हणून कुंपणाच्या बाजूले जाऊन उभी राहिली. तिथूनच ढिगाले ठोकलं अन् म्हटलं, निघा बाप्पा, आग लावून राहिली.

एक बेडूकसुद्धा निघाला नाही. मग पलीकडे, घराच्या बाजूनं, पाला वाजला.

ढिगापासून स्वयंपाकघराच्या पायरीपर्यंत सगळा पाला पडलेला होता, झाडला नव्हता. त्यातली पानं एका जागी दबली. मग थोडी पुढं दबली. मग अजून पुढं. जड माणूस दुखऱ्या पायानं चालतो तसं, दम घेत घेत. त्याच्यावर काही नव्हतं. पायरीशी पाला संपत होता, तिथं आवाजही संपला.

घूस असेल, मी म्हटलं. पाल्याखालून गेली. अन् काडी लावून टाकली. ढीग छान पेटला. जाळ पाहता पाहता माझ्या डोक्यात आलं का खालून कोणी गेलं तं पाला वर उठतो. हा तं दबत होता.

३

राख थंड करून मी घरात आली. घरात धूर भरला असेल असं वाटलं होतं, पण वास धुराचा नव्हता. ढीग उलथला का त्याच्या पोटातून जो वास येतो तो होता. पावसाचा, कोंडलेला, कुजका.

हे जागे होते. माझ्याकडे पाहून राहिले नव्हते, माझ्या खांद्यावरून पलीकडे पाहून राहिले होते.

"मागे," हे म्हणाले.

कितीक दिवसांनी यांच्या तोंडून शब्द आला होता, म्हणून आधी तं मले आनंदच झाला. मी म्हटलं, हो, मागे बाडीत होती मी, पाला जाळला. यांनी मान हलवली. डोळे तिथंच. मी वळून पाहिलं तं दार होतं, दाराले पडदा होता, बस. पुन्हा म्हणाले, मागे. अन् चांगल्या डाव्या हातानं माझा पदर धरला, लेकरू धरते तसा.

अंथरूण नीट करायले वाकली तं पलंगाखाली एक पान. लाल नाही, काळं. ओलं. ढिगाच्या तळाचं असतं तसं. माझ्या पायाले चिकटून आलं असेल म्हणून मी उचलून फेकलं अन् फिनाईल टाकून फरशी पुसली. पुसता पुसता पाहिलं, माझ्या चपला तं बाहेर पायरीवर होत्या. त्यांचे तळ कोरडे होते.

४

दुसऱ्या दिवशी पलंगाखाली ओंजळभर पाला निघाला. मी झाडला. त्याच्या पुढच्या दिवशी सूपभर. मग मले राग आला. खिडकीले जाळी आहे, दाराले पडदा आहे, हा पाला कुठून येऊन राहिला?

सकाळी यांले व्यायाम करवायले शिशिर येतो. पोट्टा मराठीच आहे, यवतमाळकडचे आहेत त्याचे आईबाप, पण उत्तर देईल तं हिंदीतच. तो म्हणाला, आंटी, चूहा है, घोंसला बना रहा है. मले ते पटलं. पटवून घ्यायची गरजच होती म्हणा. पिंजरा आणला, भजं लावलं. भजं तसंच राहिलं.

पाला वाढत गेला अन् त्यात घरातल्या वस्तू दिसायले लागल्या. रद्दीतला पेपर, बारीक फाडलेला. झाडूच्या काड्या. देव्हाऱ्यातल्या कापसाच्या वाती. माझी जुनी लाकडी फणी. सगळं कोरडं, सगळं हलकं, मधे उंच अन् कडेनं उतरतं. त्यात घरटं नव्हतं. उंदराच्या घरट्याले पोकळी असते, मी पाहिलं आहे.

मी गुडघे टेकून, डोकं फरशीले लावून पाहिलं तेव्हा पलंगाच्या त्या बाजूले, भिंतीशी, अजून काही दिसलं. यांच्या गोळ्यांच्या रिकाम्या पन्न्या. दुधाची पिशवी. बाटलीचं झाकण. यांची रबरी चप्पल, वर्षभर न घातलेली. एकापुढं एक, ओळीनं मांडलेल्या.

मी तशीच बसून राहिली. उंदीर काय नाही करत, कागद कुरतडेल, वाती पळवेल. पण प्लास्टिक वेचून बाजूले ठेवणारा उंदीर मी ऐकला नाही. ते आमच्याच घरचं वळण होतं. वर्षभर जे आमच्या ढिगात बसलं, त्यानं त्याच्याआधीही कितीक फाल्गुन तिथं बसून यांचं ऐकलं असेल, कोण जाणे.

हे वरून माझ्याकडे पाहून राहिले होते. मले वाटलं यांले सगळं माहीत आहे, फक्त शब्द नाही.

५

दीपमाला वाटीत गुजिया, म्हणजे करंज्या, घेऊन आली, होळी जवळ आली होती. दारातूनच हसत म्हणाली, "बधाई हो दीदी, भैया तो खड़े होने लगे!"

मी म्हटलं, कोण म्हणालं?

ती म्हणाली, हव दीदी, मैंने खुद देखा, कल शाम को. तिच्या गच्चीवरून आमच्या स्वयंपाकघराचं मागचं दार दिसतं. दारात उभे होते म्हणे, हातात काठी, थोडे वाकलेले, पाठमोरे. तिनं हाकही मारली. यांनी वळून पाहिलं नाही, पण भैया तं पहिल्यापासून कमीच बोलतात, म्हणून तिले काही वाटलं नाही.

मी तिचा हात धरून तिले खोलीत नेलं. हे पलंगावर होते, जसे वर्षभर आहेत तसे, उजवा पाय उशीवर. तिनं यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, अन् हातातली वाटी खाली ठेवून दिली. पलंगाच्या उशाशी, भिंतीले टेकून, काठी उभी होती. ती काठी बाडीत आंब्याले टेकवलेली असते. मी तिले घरात आणलेली नव्हती.

मग मी तिले सगळं सांगितलं. वारा, ठोकणं, दबणारा पाला, सगळं. तिनं एवढंच विचारलं का दीदी, तुम किस तरफ़ खड़ी थी? मी सांगितलं, कुंपणाकडे. मोकळी बाजू मग घराचीच होती. मीच दार उघडं ठेवलं होतं.

त्याच संध्याकाळी मी उलट करून पाहिलं. स्वयंपाकघराचं दार सताड उघडलं, काठी घेतली, पलंगाच्या आतल्या बाजूले उभी राहिली अन् फरशीवर ठोकून म्हटलं, निघा बाप्पा, आग लावून राहिली. माझा आवाज असा निघाला का मलेच ओळखू आला नाही. थांबली. पडदा हलला नाही, पान वाजलं नाही. दीपमाला दारात उभी होती. ती हळू म्हणाली, "दीदी, आग लगानी ही नहीं है, तो झूठ सुनके कौन निकलेगा?"

ती बरोबर होती. माणूस पलंगावर असताना मी घरात आग लावणार होती का? ढिगाले ते कळत होतं. ढिगाले म्हणा, का त्यात जे कोणी होतं त्याले म्हणा.

६

शिशिरच्या मदतीनं मी पलंग समोरच्या खोलीत आणला. पाला काढून बाडीत लांब फेकला. दुसऱ्या दिवशी तो समोरच्या खोलीत, पलंगाखाली. त्यानंतर शिशिर होळीले गावी गेला.

होळीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी मी देवाजवळ दिवा लावायले उठली तं पलंगाच्या पायथ्याशी पाण्यानं भरलेली बादली होती.

मी ती भरली नव्हती. कंबरेमुळे मी आता अर्ध्याच बादल्या भरते. ही काठोकाठ होती, अन् तिच्यातलं पाणी हलत होतं, नुकतीच ठेवल्यासारखं. पाणी आधी, काडी शेवटी. मले एकदम सगळं कळलं, पलंगाखालचा ढीग जाळायसाठीच केला होता. स्वयंपाकघराचं दार मी लावलं होतं, ते उघडं होतं. मोकळी बाजू.

भिंतीशी ठक ठक वाजलं. फरशीवर काठी.

"निघा बाप्पा, आग लावून राहिलो."

आवाज यांचा होता. पडण्याच्या आधीचा, भरदार, स्पष्ट, वर्षभर ज्याच्यासाठी मी देवाले नवस बोलत होती तो आवाज. अन् हे माझ्यासमोर होते, तोंड मिटलेलं, डोळ्यांतून पाणी चाललेलं. आवाज पलंगाच्या पलीकडून आला, भिंत अन् पलंग यांच्यामधून, जिथं हातभर जागा नाही.

मी यांच्या काखेत हात घातले अन् ओढलं. माझा माणूस आता आजारी असला तरी आडव्या अंगाचा आहे. खुर्चीत बसवायले शिशिर अन् मी, दोघं लागतो. एकटीनं मी यांले वीतभर सरकवलं अन् माझी कंबर कडकन वाजली. यांनी डाव्या हातानं माझ्या खांद्याले धक्का दिला, दाराकडे.

"तू," हे म्हणाले. "जा."

मी म्हटलं, गप राहा, चावटपणा करू नका. मग मी भिंतीकडे तोंड केलं. अशी वेळ माणसावर येते तेव्हा लाज राहत नाही. कधी बेडकानं नाही दिलं, सापानं नाही दिलं, ते मी दिलं. उत्तर दिलं.

"थांब रे बाप्पा. यांले उठता येत नाही. आम्ही अजून निघालो नाही."

खोलीत काही हललं नाही. माझा श्वास, यांचा श्वास, अन् पलंगाखाली पाला हळूच बसल्याचा आवाज, कोणी उकिडवं बसावं तसा. बराच वेळ. मग बादलीतलं पाणी स्थिर झालं. गेलं नव्हतं ते. थांबलं होतं. आतले निघाले नाहीत तोवर काडी लावायची नाही, हे ते यांच्याकडूनच शिकलं होतं.

दीपमालाले बोलावलं. दोघींनी मिळून यांले पलंगाच्या काठावर आणलं, तिथून हे असे घसरले का डोकंच आपटलं असतं. कसंबसं यांले पुन्हा मधे लोटलं. तीच म्हणाली, बस दीदी, गिर जाएंगे. मी ज्ञानदाले फोन केला. खरं काय सांगणार? कंबर गेली म्हटलं, तुझ्या बाबाले घेऊन जा, दोघं या, यांले उचलायले माणूस पाहिजे. माझा आवाज ऐकून ती काही विचारत बसली नाही. जावई गाडी चालवेल, उद्या दुपारी निघतो, रात्री जेवायले तुझ्याकडे, असं म्हणाली.

म्हणजे मधे एक संध्याकाळ होती. एकच. दिवेलागणीलेच ते पुन्हा विचारेल असं मी धरून चालली होती, अन् विचारलं का मी थांब म्हणणार होती. एवढंच तं करायचं होतं.

७

होळीच्या दिवशी दुपारपासून मी पलंगाजवळून हलली नाही. पाला तीनदा काढून फेकला. तिसऱ्यांदा फेकून हात धुवून आली तं चौथा ढीग तयार होता, गुडघ्याच्या जरा खाली. त्याच्या वर नाही.

संध्याकाळी चौकात नगाडे सुरू झाले. पोट्टे गोवऱ्या अन् लाकडं ओढून राहिले होते, सगळी कॉलोनी तिकडे. दीपमाला पुरानी बस्तीत माहेरी गेली होती, तिच्या घरची होळी चुकत नाही. जाऊ का दीदी, विचारत होती, मीच जा म्हटलं. आज सगळीकडे धूर असणार, आमच्या घरातून निघाला तं कोणाले वेगळा ओळखू येणार, हा विचार ती गेल्यावर आला.

ज्ञानदाचा फोन आला. राजनांदगाव सोडलं आई, दोन तासांत पोचतो. मी यांच्या कानाशी फोन धरला. पोट्टी म्हणाली, बाबा, आलोच. हे हसले. अर्धंच तोंड हसतं यांचं, पण मी त्या अर्ध्यावर वर्ष काढलं आहे. मी यांचा डावा हात दोन्ही हातात धरून बसली. यांनी माझ्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं, केस पाहिले, कंबरेले बांधलेला पट्टा पाहिला. एवढं निवांत पाहणं यांचं लग्नात पण नव्हतं. मले लाजल्यासारखं झालं. म्हटलं, काय पाहता, म्हातारी झाली तुमची बायको.

दिवेलागण झाली. मी दिवा लावायले उठली नाही. बादली पलंगाशी होती. ती केव्हा आली मले माहीत नाही, मी तिथंच तं बसली होती.

ठक. ठक.

"निघा बाप्पा, आग लावून राहिलो."

मी उत्तर तयार ठेवलं होतं. दिवसभर घोकलं होतं. थांब बाप्पा, यांले उठता येत नाही. तोंड उघडलं, श्वास घेतला.

"निघालो," हे म्हणाले.

अडखळत नाही, भलताच शब्द नाही. पूर्ण, स्पष्ट, पडण्याच्या आधीचा आवाज, अन् या वेळी तो यांच्याच तोंडातून आला. माझ्याकडे पाहून म्हणाले, मागे पाहून नाही.

मी ओरडली, नाही, थांब, निघाले नाहीत हे, यांले कळत नाही, थांब. पण विचारणाऱ्याले उत्तर मिळालं होतं. पलंगाखालचा पाला एकदाच वाजला, कोणी बसल्या जागेवरून उठल्यासारखा, अन् पलंगाच्या पलीकडे, भिंतीसमोर, भिंतीहून थोडं काळं असं काही उभं राहिलं. वाकलेलं. एका खांद्यातून खाली गेलेलं, यांचा उजवा खांदा जातो तसं. मी दुसऱ्यांदा पाहिलं नाही.

मुंगीचा वेळ त्यानं दिला. हे मले सांगितलंच पाहिजे, पूर्ण वेळ दिला. तेवढ्या वेळात मी यांच्या काखेत हात घातले अन् सगळा जीव लावून ओढलं. यांचं डोकं माझ्या छातीशी आलं, पाय पलंगावरच राहिले. चौकात होळी पेटली, पोट्ट्यांनी एकच गलका केला. माझा फोन वाजत होता. अन् हे, डाव्या हातानं, न घाई करता, माझी बोटं आपल्या सदऱ्यावरून एक एक करून सोडवून राहिले होते. एक सोडवलं का मी पुन्हा धरायची. हे पुन्हा सोडवायचे.

स्वयंपाकघराच्या दाराचा पडदा बाहेर उडत होता, बाडीकडे. म्हणजे वारा घराकडून कुंपणाकडे होता, यांच्या नियमाप्रमाणे.

माझ्या पाठीमागं, अगदी जवळ, कोणी माचिसची पेटी उघडली.